कोयनेल आणि पिठलं

आमचे कंपाऊंडर कुणाच्याही घरी गेले की ओटीवर टेकत नसत. चपला काढायच्या, छत्री कोपऱ्यात उभी करायची आणि थेट स्वयंपाकघर गाठायचं. चुलीपुढच्या बाईला "काय शिजतंय आज?" असं विचारता विचारता एका हातानं लोणच्याच्या बरणीवरचं फडकं सोडून वास घ्यायचा आणि दुसऱ्या हातानं कोनाड्यातल्या डब्या हलवून बघायच्या. कुणाकडे सोवळं असे, कुणाकडे सुकी मासळी टांगलेली असे. त्यांना दोन्हीकडे मज्जाव होता, पण तो त्यांच्या लक्षात येत नसे. पुढ्यात येईल ते खायचे आणि म्हणायचे, "फक्कड!"

बायका मागं कुरकुरत, पण पुढच्या खेपेला ताटली तयार ठेवत. ज्या सुनेच्या हातचं तिच्या नवऱ्यानंही कधी वाखाणलं नव्हतं, तिच्या करपलेल्या भाकरीलाही त्यांच्याकडून "फक्कड" मिळे.

मी त्यांना पहिल्या आठवड्यातच ओळखलं. खादाड, चौकस आणि बहुधा लबाड. माणसं ओळखण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मला तेव्हा वाटत होतं. वय होतं तेवीस. लग्न झालं होतं नि संपलंही होतं. माहेरच्यांनी पुण्याला शिकायला ठेवलं, पुढं मुंबईला नर्सिंग आणि सुईणपण शिकले, आणि पांढरी लुगडी, छातीला टोचायचं घड्याळ आणि पत्र्याची एक ट्रंक एवढ्या ऐवजासह कुलाबा जिल्ह्यातल्या त्या खाडीकाठच्या दवाखान्यात रुजू झाले. गाव रेवसपासून चार कोसांवर. एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला मिठागरं, आणि दोन्हींत मिळून साऱ्या मुंबई इलाख्याला पुरतील इतके डास. डॉक्टर अलिबागेहून मंगळवारी आणि शनिवारी टांग्यानं येत. बाकीचे पाच दिवस दवाखाना कंपाऊंडरांचा. माझ्या मते माझा.

कंपाऊंडर तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. अंगात बारा महिने एकच काळा कोट, आणि त्या कोटाला मी मोजलेले सात खिसे. एकात बुचं, एकात कात्री, एकात तपकीर, एकात कागदाच्या पट्ट्या. त्या पट्ट्या म्हणजे त्यांचा छंदच. औषधाच्या बाटलीवर डोसाच्या खुणा करायला चिकटवतात, तसल्या कातरलेल्या. गर्दी नसली की पायरीवर बसून ते पट्ट्या कातरत. रोग्यांनी बाटली घरून आणायची हा दवाखान्याचा रिवाज होता. कुणी खोबरेल तेलाची आणी, कुणी अत्तराची, एकदा एका खलाशानं सरळ दारूची आणली. कंपाऊंडर बाटली नाकाशी नेत, धुऊन घेत, औषध भरत, त्यातलं चमचाभर आधी स्वतःच्या तोंडात टाकत आणि मगच बूच लावत.

"औषध चाखायला तुम्ही काय आचारी आहात?" मी एकदा विचारलं.

"आचाऱ्याचं चुकलं तर माणूस ताट सरकवतो, बाई. माझं चुकलं तर डोळे मिटून पितो."

मला हे उत्तर उद्धट वाटलं. त्या दिवसांत मला जी उत्तरं देता येत नसत ती सगळी उद्धटच वाटायची.

खाडीकाठी ताप म्हणजे हिवताप, आणि हिवतापाला एकच औषध, कोयनेल. त्याच्या गोळ्यांची पेटी मुंबईहून आगबोटीनं रेवसला उतरायची आणि तिथून बैलगाडीनं आमच्याकडे यायची. उन्हाळ्यात हे ठीक चाले. पण हिवताप यायचा पावसात, आणि पावसात वारा उठला की बोट नाही. म्हणजे ज्या महिन्यांत कोयनेल लागे, नेमकं त्याच महिन्यांत ते पोचत नसे. पोस्टात कोयनेलच्या पुड्या विकत मिळायच्या, त्याही तोवर खलास. ही व्यवस्था ज्यानं बसवली त्याला खाडीकाठी एक पावसाळा काढायला पाठवावं असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. माझ्याकडे अशा सूचनांची स्वतंत्र वही होती.

कंपाऊंडर सूचना करत नसत. कोयनेल कमी पडायला लागलं की ते घरोघर जेवायला जास्त हिंडत, असं माझं निरीक्षण होतं. आणि दवाखान्यात आलेल्या माणसाचा डोळा खाली ओढून, पोट चाचपून बघत. ताप साधा दिसला तर त्याला काडेकिराइताचा काढा द्यायचे. फसवून नव्हे, तोंडावर सांगून.

"कोयनेल आजोळी गेलंय. तोवर ही त्याची मावशी घेऊन जा. तीसुद्धा कडूच आहे."

"मावशी नको दादा, भाचाच द्या," एखादा हट्ट धरी.

"भाचा येईल तेव्हा कळवतो. उद्या पुन्हा थंडी भरली तर मात्र धावत ये. इथंच बसून राहायचं, हलायचं नाही."

कपाटात गोळ्या असायच्या, ते मला दिसत होतं. म्हणून तर माझं डोकं फिरायचं. मी म्हणाले, "संपलं नाही अजून, तर देत का नाही? आणि संपलं असेल तर संपलं म्हणून सांगा."

"संपलं कधी म्हणू नये, बाई. कुठं आहे ते विचारावं."

असलं काहीतरी बोलायचं आणि तपकीर ओढायची.

दुसऱ्या वर्षीचा श्रावण. आठ दिवस बोट नव्हती. गावात तापाची माणसं वाढत होती, आणि जो तो मला वाटेत गाठून कंपाऊंडरांची कागाळी करत होता. "जो जेवायला घालेल त्याला कोयनेल, बाकीच्यांना मावशी," असं सरळ बोललं जाऊ लागलं. तशात मी स्वतःच्या डोळ्यांनी त्यांना दुकानदार शेठच्या मागच्या दारानं बाहेर पडताना पाहिलं. तोंडात सुपारी आणि हातात कागदाची पुडी. मला पाहताच पुडी चौथ्या खिशात गेली.

मी त्या दुपारी कपाट उघडून गोळ्या मोजल्या आणि रजिस्टराशी ताडून पाहिल्या. आकडा जुळला नाही. रजिस्टरापेक्षा गोळ्या पन्नासेक जास्त भरल्या. चोरी करणाऱ्याच्या कपाटात माल वाढतो कसा, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही. घोटाळा आहे एवढंच मला हवं होतं आणि ते मिळालं. मी डॉक्टरांना चार पानी पत्र लिहिलं. डॉक्टर भिडस्त होते. त्यांनी उलट टपाली दोनच ओळी धाडल्या, की तूर्त कपाटाची किल्ली बाईंकडे असावी.

कंपाऊंडरांनी चिठ्ठी वाचली, घडी केली, किल्ली माझ्यापुढं ठेवली. "चारशेच्या वर आहेत," म्हणाले. "बोट येईपर्यंत पुरवायच्यात."

"मी न्यायानं वाटणार आहे," मी म्हणाले.

"वाटायच्या?" त्यांनी एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या पायरीवर टेबल मांडलं, गळ्यात शिट्टी अडकवली आणि माणशी चार गोळ्या द्यायला सुरुवात केली. लहान-थोर, ओळखीचा-बिनओळखीचा, जेवायला घालणारा-न घालणारा, सर्वांना सारख्या. ताप आहे असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला ताप आहे असं मी धरून चालले. रांग वाकडी झाली की शिट्टी. शेठच्या घरचे पाच जण पाठोपाठ उभे होते. पाचांनाही मी स्वतःच्या हातानं दिल्या. लोकांनी मला तोंडभर दुवा दिला. कंपाऊंडर पायरीच्या दुसऱ्या टोकाला पट्ट्या कातरत बसले होते. एकदाच मान वर करून म्हणाले, "बाई, हिवतापाला बेचाळीस लागतात. सहा रोज, सात दिवस. चारानं तापसुद्धा हसतो."

"एकाला बेचाळीस आणि दहांना शून्य, हा न्याय झाला?"

ते पुन्हा कातरायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बरणी रिकामी. अगदी रिकामी म्हणता येणार नाही. तळाशी सोळा गोळ्या उरल्या होत्या आणि त्या मी माझ्या खोलीत नेऊन ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत ठेवल्या. स्वतःसाठी नव्हेच. दवाखान्याची नर्सच आडवी झाली तर गावाकडं बघणार कोण? हा विचार मला इतका निःस्वार्थी वाटला की त्याबद्दल कुणाला सांगायची गरज भासली नाही.

त्यानंतर चार दिवसांनी वारा पडला आणि रेवसला बोट लागल्याची बातमी आली. मी कुणावर विसंबले नाही. स्वतः बैलगाडी करून, डोक्यावर इरलं घेऊन, चार कोस चिखल तुडवत गेले आणि दवाखान्याच्या नावाची पेटी सही करून ताब्यात घेतली. गाडी गावात शिरताना मी पेटीवर बसले होते. अशी मिरवणूक मी आधी कधी काढली नव्हती आणि नंतरही काढली नाही. निम्मं गाव जमलं. कंपाऊंडरांनी पटाशीनं फळी उचकटली.

आत जुलाबाचं मीठ होतं. पेटीभर. मागणीची यादी मीच केली होती आणि घाईत दोन ओळींची अदलाबदल मीच केली होती, हे नंतर नकलेत सापडलं. तेव्हा मात्र मी मुंबईच्या कोठाराला खूप बोलून घेतलं.

कंपाऊंडरांनी चिमूटभर जिभेवर टाकून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "मिठागरांच्या गावात मीठ आणलंत, बाई."

लोक हसले. मीही हसायला हवं होतं. मी शिट्टी वाजवली.

त्याच रात्री पुन्हा वारा उठला आणि खाडीच्या बांधाला खांड पडली. खारं पाणी शेतांत घुसलं, अलिबागचा रस्ता बुडाला. डॉक्टरांचं येणं बंद, बोट बंद. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पारूची सासू धावत आली.

पारू ही मिठागरावर काम करणाऱ्या एका आगऱ्याची बायको. वीस दिवसांपूर्वी तिला मुलगी झाली होती. माझ्या हातचं ते गावातलं पहिलं अडलेलं बाळंतपण. दोन्ही जीव वाचले म्हणून मी मनातल्या मनात बरेच दिवस फुगून होते.

"बाय, पारू बरलते गो," सासू दारातच बसली. "रातभर थंडीनं हाललं, आता आंग निस्ता इस्तव झायलाय. मना पन वलखत न्हाय."

"आधी कधी ताप आला होता? मग गोळ्या?"

"तुमीच दिल्या ना चार. खाल्ल्यान. दोन दिस उतरला, आता हा आसा आयलाय."

मी जाऊन पाहिलं. काखेत ताप बघायचीही गरज नव्हती. हात लावला तरी चटका बसत होता. डोळे अर्धे उघडे, तोंडानं कुणाशी तरी भांडण चाललेलं, आणि बाजूला झोळीत ती एवढीशी मुलगी भुकेनं लाल होऊन रडत होती. दूध आटायला लागलं होतं. असा ताप मी मुंबईला वॉर्डात पाहिला होता. कोयनेल लगेच सुरू झालं नाही तर अशी माणसं दोन दिवसांत जातात. आणि तिला वाचवायचं तर चार-सहा नव्हे, पुऱ्या बेचाळीस लागणार होत्या.

परत आले तर कंपाऊंडर कोट घालून, छत्री घेऊन पायरीवर उभे. हातात एक पत्र्याचा डबा.

"संपलंय," मी म्हणाले.

"कुठं आहे ते मला ठाऊक आहे. चला."

"कुठं?"

"तुम्ही वाटलंत तिथं. घरात जावं लागेल, बाई. चपला काढाव्या लागतील."

ट्रंकेतल्या सोळा गोळ्या मला त्याच क्षणी आठवल्या, हे मी कबूल करते. त्या लगेच काढून द्यायला काय हरकत होती? हरकत अशी, की त्या दिल्या असत्या तर त्या होत्या हे कळलं असतं. मी ठरवलं, बेचाळीस गावातून जमल्या तर जमल्या. जमतीलच. मग ट्रंक उघडायचा प्रश्नच येणार नाही.

पहिलं घर पोस्टमास्तरांचं. पोस्टमास्तरीणबाईंनी आम्हांला पाहून पदर सावरला. "कोयनेल? अहो, ते तर तेव्हाच घेतलं सगळ्यांनी. चार नि चार आठ नि..."

कंपाऊंडर स्वयंपाकघरात पोचलेही होते. कैरीच्या लोणच्याचा वास घेतला, मीठ बेताचं पडलंय म्हणाले, समोर आलेली पोळी खाल्ली, "फक्कड" म्हणाले. मग हातातला डबा उघडा धरून नुसते उभे राहिले. बाई एकदा त्यांच्याकडं बघत, एकदा माझ्याकडं. मला वाटलं, आता ही आम्हांला हाकलून देणार. ती देवघरात गेली आणि देवांच्या मागून एक पुडी घेऊन आली. सात.

"ताप उतरला, मग कशाला कडू खायचं? म्हटलं ठेवाव्यात. आमच्या ह्यांना थंडी भरली तर पोस्ट कोण उघडणार? गावाचीच गैरसोय ना?"

"अहो, पण दिलेलं औषध असं दडवून ठेवायचं? दुसऱ्याचा जीव जातो त्यानं," मी सुनावलं. फार चांगलं सुनावलं. घराबाहेर पडल्यावर माझ्या लक्षात आलं की बाईंचं वाक्य माझंच होतं, फक्त नर्सच्या जागी पोस्ट.

दुसरं घर भीमाआईचं. ही सत्तरीची म्हातारी, मिठागराच्या वाटेवर एकटी राहायची. तिनं पानाची चंची उलटी केली. सुपारी, कात, चुना आणि चार गोळ्या.

"म्हंजे एकसुद्धा खाल्ली नाहीस?"

"मी कनाला खाव? कडू जहर! मना कवा ताप आयलाच न्हाय."

"मग रांगेत कशाला उभी होतीस?"

"समदा गाव हुबा व्हता, मी बी हुबी रायले. तू शिटी वाजवत व्हतीस, मना वाटलं काय मोठं वाटतेय." मग पारूचं नाव कानावर पडल्यावर तिनं चंची पुन्हा झटकून पाहिली, आणखी एखादी निघते का म्हणून. "घे गो बाय. आनी ही दोन आंडी ने पोरीला."

कंपाऊंडरांनी चुना लागलेली एक गोळी धोतराला पुसली, तिचा कण दातानं तोडून जिभेवर धरला, विचार केला आणि डब्यात टाकली. मला तेव्हा कळलं की त्यांच्या डब्यातली प्रत्येक गोळी अशीच चाखून आत गेलेली असणार. कोयनेल आहे की दुसरं काही, ओल लागून बिघडलंय की शाबूत आहे, हे बघायला आमच्याकडे दुसरी सोयच नव्हती. आणि दर पावसाळ्यात आमच्या कपाटात रजिस्टरापेक्षा जास्त गोळ्या कुठून येत, तेही कळलं. चार पानी पत्राची आठवण दोघांनाही होती.

शेठनं दुकानातूनच हात जोडले. "अरे बेन, माझ्याकडे कुठून? हूं तो वेपारी माणस."

"पाच जणांच्या वीस," मी म्हणाले. "मी दिल्यात."

"ए तो खवाई गई!"

कंपाऊंडर आत गेले. मोहरीचा डबा हलवला, मेथीचा हलवला, ओव्याचा हलवला आणि तो कानाशी धरून तसेच उभे राहिले, डोळे मिटून, गाणं ऐकत असल्यासारखे. शेठाणी पदराआड हसायला लागली. ओव्यातून बारा निघाल्या.

"बाहेर मिळत नाही म्हणून ठेवल्या, दादा," शेठ दारात येऊन म्हणाला. " घराचं माणूस पडलं तर दुकान कोण चालवणार? लोक उपाशी राहतील ने?"

म्हणजे गावातला प्रत्येक जण गावासाठीच दडवून बसला होता.

त्यानंतर आम्ही आणखी सात घरं घेतली. कुठं एक, कुठं निम्मी, कुठं नुसता कडू हात दाखवला जाई. मी प्रत्येक दारात उपदेश करत होते आणि प्रत्येक दारानंतर मनात बेरीज. संध्याकाळ व्हायला आली, पाऊस लागलेलाच होता, आणि डब्यात सत्तावीस होत्या. पहिल्या सहा कंपाऊंडरांनी दुपारीच लिंबाच्या रसात विरघळवून चमच्याचमच्यानं पारूच्या तोंडात सोडल्या होत्या, त्या धरून. जिथं मिळण्याची आशा होती ती घरं संपली. सत्तावीसच्या पुढं आकडा हलेना.

"पंधरा कमी," मी म्हणाले.

कंपाऊंडर "हं" म्हणाले आणि चालायला लागले. मला वाटलं दवाखान्यात चाललेत. पण दवाखान्याला वळसा घालून ते मागं आले, माझ्या खोलीच्या दाराशी. छत्री कोपऱ्यात उभी केली. चपला काढल्या. आत आले आणि डबा हातात धरून नुसते उभे राहिले. आधीच्या दहा घरांत जसे उभे राहिले होते तसेच.

माझे कान तापले. मी एकदा चुलीकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं. ते वाट बघत होते. मग मी ट्रंक ओढली, कुलूप काढलं, लुगड्यांच्या घड्या खाली टाकल्या आणि पुडी त्यांच्या डब्यात रिकामी केली.

"सोळा आहेत," मी म्हणाले. "नर्सच आडवी झाली तर..."

ते बराच वेळ डब्यात बघत होते. मग एक गोळी उचलून माझ्या हातावर ठेवली. "पंधराच हव्या होत्या," म्हणाले, आणि छत्री उचलून पारूकडं निघून गेले. मी तशीच खाली बसून राहिले. चूल पेटवायचंही सुचलं नाही.

चौथ्या दिवशी पारूचा ताप उतरला. शुद्धीवर येऊन ती पहिलं वाक्य बोलली ते असं, "तोंडान काय घातलाव माझे? शेण?" सासू आनंदानं रडायला लागली. बेचाळिसावी गोळी तिच्या गळ्याखाली उतरेपर्यंत मी रोज सहा वेळा तिच्या उशाशी जाऊन उभी राहत होते. ताप उतरला म्हणून एकही दडवून ठेवू दिली नाही. मुलगी जगली. अंगावर प्यायली, माजली, पुढं गावभर सर्वांना चावत सुटली.

कपाटाची किल्ली मी त्याच आठवड्यात परत केली. डॉक्टरांना दुसरं पत्र लिहिलं, तेही चार पानीच, कारण थोडक्यात चुका कबूल करायची मला सवय नव्हती. कंपाऊंडरांनी माझ्या ट्रंकेचा उल्लेख कधी कुणाजवळ केला नाही. माझ्याजवळसुद्धा नाही. पण त्यांना माहीत होतं! गावात कुणाच्या देवामागं काय आणि कुणाच्या ओव्यात काय हे ज्या माणसाला ठाऊक, त्याला माझ्या लुगड्याच्या घडीतलं कसं कळणार नाही? या धाकापायी पुढची नऊ वर्षं मी त्यांच्या हाताखाली जशी वागले तशी कुणाच्याही हाताखाली वागले नसते. मलमाचा चमचासुद्धा दोनदा विचार करून उचलत असे. पावसाळ्याच्या तोंडाला मीही त्यांच्याबरोबर घरोघर हिंडायला लागले, बरण्यांचे वास घ्यायला शिकले. लोक मलाही खादाड म्हणायला लागले.

आणि अधूनमधून त्यांना माझ्याकडं जेवायला बोलवायची. माझ्या स्वयंपाकाची ख्याती माहेरी अशी होती, की भाऊ म्हणे, हिला नर्स करा, नाहीतर हिच्या हातचं खाणाऱ्यांसाठी दुसरी नर्स शोधावी लागेल. मला एकच जमायचं, पिठलं. कंपाऊंडर दोन वेळा वाढून घेत आणि "फक्कड" म्हणत. त्या बळावर मी पुढं कितीतरी पाहुण्यांना पिठलं खाऊ घातलं.

निवृत्त होऊन ते भावाकडं मुंबईला जायला निघाले तेव्हा त्यांना पोचवायला मी रेवसला गेले. पारूही आली होती, लेकीला घेऊन. तिनं सुकटीच्या चटणीची बरणी आणली होती. कंपाऊंडरांनी धक्क्यावरच फडकं सोडलं, वास घेतला, बोट बुडवून चाटलं. "फक्कड!" पारूनं पदरानं डोळे पुसले. बोटीला अवकाश होता. म्हटलं, आता नाही विचारलं तर कधीच नाही.

"एक सांगा. माझ्या ट्रंकेत गोळ्या आहेत हे तुम्हांला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही. तुम्ही ट्रंक उघडलीत तेव्हाच दिसल्या."

"म्हणजे? तुम्हांला ठाऊक नव्हतं?"

"मला कसं ठाऊक असणार, बाई? तुमच्या कोनाड्यात मी कधी बघितलंच नव्हतं. म्हटलं, नर्सकडं कशाला असतील?"

"मग त्या संध्याकाळी माझ्या घरात येऊन उभे का राहिलात?"

त्यांनी तपकिरीची डबी काढली. जरा ओशाळले असावेत. "सकाळपासून हिंडत होतो. निम्म्या घरांत तापाची माणसं, चूल पेटलेली नाही. पोस्टातल्या पोळीवर दिवस काढलेला. म्हटलं, बाई पिठलं टाकतील."

मग माझ्या हातात उरलं होतं तेवढं तरी वाचवावं म्हणून म्हणाले, "पिठलं आवडायचं ना पण तुम्हांला?"

"तर! गरम असायचं." त्यांनी चिमूट ओढली आणि डोळे पुसले. "चवीचं म्हणाल तर मला वीस वर्षांत कशाचीच लागली नाही. कोयनेल चाखून चाखून जीभ गेली कधीच. कडू नि खारट तेवढं जरा कळतं. तुमचं खारट असायचं."

भोंगा झाला. ते सात खिसे चाचपत, बरणी पोटाशी धरून फळीवरून आत गेले. पारू हात हलवत होती. तिच्या लेकीनं माझा पदर ओढला आणि विचारलं, "बाय, भूक लागलीय. तुमचेकड काय हाय?"

तिला घरी आणून मी पिठलं टाकलं. मीठ निम्मं घातलं. तिनं एक घास घेतला, माझ्याकडं बघितलं आणि ताट सरकवलं.